मोकळ्या व्हा

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील, त्याबद्दल आधीच माफ करा. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. नावं बदलली आहेत.

भांडगावच्या विहारामागच्या खोलीत आमची सुपरव्हिजन चालली होती आणि कविता मॅडम रडत होत्या.

सुपरव्हिजन म्हणजे काय ते सांगते. आमची संस्था मोठा धक्का बसलेल्या बायकांना समुपदेशन करायची. अपघात, मारहाण, जळीत. प्रसंग होऊन जातो, पण बाईच्या अंगातून जात नाही. त्याला ट्रॉमा म्हणतात. असलं रोज ऐकणाऱ्या नव्या मुलींचंही कोणीतरी ऐकावं लागतं आणि त्यांचं कुठं अडलं ते बघावं लागतं. ते काम पुण्याहून येणाऱ्या मोठ्या मॅडम करायच्या. मी कार्यकर्ती. बायकांना घरून आणायचं आणि सेशनला सोबत बसायचं. म्हणून मलाही सुपरव्हिजनला बसवायचे. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मला घाम फुटायचा.

कविता मॅडम नुकत्याच शिकून आल्या होत्या. मालाबाई ही त्यांची पहिलीच अवघड केस. हायवेवर वडापची, माणसं कोंबून नेणारी जीप उलटली, त्यातून ती वाचली. हातपाय धड होते. पण झोप नाही, कुठल्या गाडीत बसणं नाही. हॉर्न वाजला की तव्यावरची भाकरी टाकून आत पळायची. काही सेशन झाली आणि ती यायचीच बंद झाली.

"ती अपघाताचं बोलतच नाही," कविता मॅडम म्हणाल्या. "नुसतं नवऱ्याचं कौतुक करते. मला वाटतं, तो मारत असेल आणि ती लपवत असेल. मला जमत नाही हे. मी राजीनामा देते."

"राजीनामा नंतर दे. तू तिला काय म्हणालीस ते आधी सांग," मोठ्या मॅडम म्हणाल्या.

"घाबरू नका, मोकळ्या व्हा. एवढंच. ती नवऱ्याचं सांगायला लागली की मी परत म्हणायचे, मोकळ्या व्हा."

मोठ्या मॅडमनी मान हलवली. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

तेवढ्यात मालाबाईचा नवरा दत्तू आला. एरवी दारातूनच "जय भीम, ताई" म्हणणारा माणूस, त्या दिवशी चपला न काढता आत.

"ताई, माझा संसार मोडाया बसलाय व्हय तुम्ही?"

"दत्तूभाऊ, झालं काय?"

"बायकू जेवंना, बोलंना! ह्या बारक्या मॅडम तिला म्हनत्यात, मोकळी हो. एकदा न्हाई, धा येळा! कवा हात उगारलाय मी? का पिऊन येतो? ती रडती नुसती. म्हनती, मी आता कामाची राहिले न्हाई, म्हून सोडचिठ्ठी घ्याया सांगत्यात."

माझी कानशिलं गरम झाली. नवऱ्यानं बायको सोडली की आमच्याकडं 'तिला मोकळी केली' म्हणतात. लहानपणापासून ऐकलेलं. पण केंद्रात बसून बसून मला मॅडम लोकांचाच अर्थ आधी सुचायला लागला होता.

मोठ्या मॅडमनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! हे वाक्य माझंच. ट्रेनिंगला मीच शिकवलंय." आणि हसायलाच लागल्या.

"हसताय काय?"

"मनातलं बोला, एवढंच म्हणायचं होतं हो आम्हाला."

दत्तू बाहेर जाऊन चपला काढून आला. "आवं, मग सरळ मराठीत सांगायचं की!"

मोठ्या मॅडम म्हणाल्या, "कविता, तिच्या घरी तू जायचं. पण तिला चालत असेल तरच."

दत्तू विचारून आला. "बारक्या मॅडमलाच धाडा म्हनती. च्या ठेवलाय."

मी सोबत गेले. दाराशी कपड्यांचं बोचकं होतं.

"हे कुठं चाललं?" मी विचारलं.

"म्हनलं, सोडचिठ्ठीचा कागूद आला की माहेरला जायचं."

कविता मॅडम खाली तिच्याजवळ बसल्या. "मालाताई, माझा शब्द चुकला. अपघाताचं मनात काय साठलंय ते सांगा, असं म्हणायचं होतं."

"आस्सं व्हय! आन् मी आपली दर बारीला आमच्या मालकाचं गुन सांगत बसले! म्हनलं, कळू दे बाईला, सोडन्यासारखा न्हाई त्यो."

दत्तू बाहेरून म्हणाला, "मला कवा सांगितलं न्हाईस ते गुन!"

"तुम्ही जावा वो तिकडं!"

तो गेल्यावर मालाबाई बोलली. जीप उलटल्यावर शेजारच्या अनोळखी म्हातारीनं तिचा पदर धरला होता. तो सोडवून ती बाहेर आली होती. म्हातारी वाचली नाही. हे तिनं दत्तूलाही सांगितलं नव्हतं. कविता मॅडम तिच्याजवळच बसून राहिल्या. चहावर साय धरली.

त्यानंतर मालाबाई पुन्हा येऊ लागली. काही महिन्यांनी ती एसटीत बसली. पहिल्याच थांब्याला उतरून ओकली, पण बसली. राजीनाम्याचं कोणी काढलं नाही.

ट्रेनिंगमधून 'मोकळ्या व्हा' काढून टाकलं. त्याऐवजी आम्ही 'काय साठलंय ते सांगा' म्हणू लागलो. शिरूरच्या केंद्रात मांडवगणच्या एका बाईला कविता मॅडमनी तसं विचारलं. ती म्हणाली, "साठतंय कुठलं बाई, पोस्टात खातं बी न्हाई."

तेव्हापासून सुपरव्हिजनमध्ये तू काय म्हणालीस, असं कोणी विचारत नाही. तिला काय ऐकू गेलं, हे विचारतात.