उतारावर बर्फ होता तो रविवार

इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला आल्यावर दुसऱ्या वर्षी मी इथल्या सायकल क्लबात जायला लागले. ऑफिसात बसून बसून पाठ धरली होती, आणि पुण्यात कॉलेजला सायकलनं जायचे एवढाच माझा अनुभव. रविवारच्या राइडला सगळ्यांत पुढे सत्तरी ओलांडलेल्या एक बाई असायच्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, उंच, किडकिडीत. आवाज मात्र थेट शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. सगळे त्यांना कॅप्टन म्हणत.

त्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली होती. निघताना नवरा म्हणाला, "अगं, आज कशाला जातेस? गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायला मला पंधरा मिनिटं लागली." मी दोन जोड मोजे चढवले आणि गेले. आम्ही मोजून सातजण जमलो. कॅप्टन म्हणाल्या, "मोठ्या रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकलंय, तेवढ्यांवरूनच जाऊ. ज्याला घरी जायचंय त्यानं खुशाल जावं, कुणी हसणार नाही." कुणीच गेलं नाही.

पण एके ठिकाणी रस्ता खोदून ठेवला होता. वळसा घालायचा तर एका अरुंद लेनमधूनच जाणं भाग होतं. दोन्ही बाजूंना उंच झुडपं, ऊन कुठेच नाही. उतार सुरू होण्याआधीच कॅप्टननी हात वर केला आणि ओरडल्या, "थांबा! उतरा!" आम्ही थांबलो. आमच्यातला सगळ्यांत वेगवान गडी, धिप्पाड प्लंबर, मागून जोरात येत होता. त्यानं ब्रेक दाबला आणि सायकल त्याच्याखालून सटकन निघून गेली. तो कुशीवर आपटला आणि घसरत खाली गेला. रस्ता नुसता ओला दिसत होता, पण तो सगळा बर्फ होता.

मी धावणारच होते. "तू नको!" कॅप्टननी मला दरडावलं. "तू सायकलचा मागचा लाल दिवा काढ आणि वळणापर्यंत परत जा. कडेच्या गवतावर उभी राहा आणि येईल ती गाडी अडव." एकाला गवतावरूनच उताराच्या तळाशी पाठवलं, दुसऱ्याला ॲम्ब्युलन्सला फोन करायला सांगितलं. मग स्वतः गवत धरत धरत, बसत उठत त्याच्यापर्यंत पोचल्या.

मी वळणावर दिवा हलवत उभी राहिले. तिथून दोघं दिसत होते. कॅप्टन चक्क बर्फावर मांडी घालून बसल्या होत्या. स्वतःचं जाकीट त्याच्या अंगावर टाकून दोन्ही हातांनी त्याचं डोकं स्थिर धरून ठेवलं होतं. तो कळवळून उठायला बघायचा. कॅप्टनचा आवाज माझ्यापर्यंत येत होता: "हलू नकोस. कंबरेला लागलंय. माझ्याकडे बघ. माझ्या स्वयंपाकघरातला नळ गळतोय. काय करू सांग." तो चक्क सांगायला लागला! मध्येच विव्हळायचा, पण पुन्हा वॉशरवर यायचा. त्या मुद्दाम चुकीचं बोलायच्या आणि तो चिडून दुरुस्त करायचा.

तेवढ्यात वळणावरून एका शेतकऱ्याची जीप आली. मी दोन्ही हात वर करून किंचाळले, तेही मराठीत: "थांबा, थांबा!" माणूस थांबला. काय झालंय ते बघून त्यानं जीपच्या मागून घोड्यावर घालायचं जाड ब्लँकेट काढलं, वाळूची पोती काढली, आणि आम्ही दोघांनी वाळू पसरत पसरत वाट केली. ॲम्ब्युलन्सला खूप वेळ लागला. तेवढा वेळ कॅप्टन जागच्या हलल्या नाहीत.

त्याला नेल्यावर शेतकऱ्यानं आम्हाला आपल्या घरी नेऊन स्वयंपाकघरात बसवून चहा दिला. कॅप्टनना कप धरता येईना, इतकी बोटं गारठली होती. ओठ निळे पडले होते. मी त्यांचे हात माझ्या हातांत घेऊन चोळत राहिले.

"तुम्हाला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"प्रचंड," त्या म्हणाल्या. "त्याचे पाय हलतात की नाही, हे मला पहिल्यापासून बघायचं होतं. पण बघायचं धाडस होईना. म्हणून नळाचं काढलं."

इतका वेळ मी त्यांना निर्भय समजत होते. त्या घाबरलेल्या असतानाच हे सगळं करत होत्या, हे कळल्यावर त्या मला आणखी मोठ्या वाटल्या.

त्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, वसंतात तो काठी घेऊन चालायला लागला आणि उन्हाळ्याच्या शेवटी परत सायकलवर आला. सुरुवातीचे काही रविवार तो सगळ्यांत मागे असायचा, आणि कॅप्टन पुढची जागा दुसऱ्याला देऊन त्याच्या शेजारून सावकाश सायकल चालवायच्या.