अडतीस मार्क

माझी बदली त्या इन्फन्ट्री बटालियनमध्ये झाली तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो. रँक हवालदार, काम एज्युकेशन इन्स्ट्रक्टरचं. प्रमोशनसाठी जवानांना मॅप रीडिंगची परीक्षा द्यावी लागते. तिची तयारी मी करून घ्यायचो. सगळे मला उस्ताद म्हणायचे.

डिसेंबरात मला वरच्या पोस्टवर पाठवलं. उंची साडेचौदा हजार फूट. तेवीस माणसं, कमांडर एक कॅप्टन. ०५३० ला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर, ०७०० ला चहा, मग बर्फ उपसणं. १४०० ला बंकरमध्ये बुखारीच्या शेगडीभोवती माझा क्लास.

बर्फ पडत असला की गस्तीचं पेट्रोल निघत नसे आणि क्लास लांबायचा. जवान कंटाळायचे. एकदा मी माझ्या एम.ए.चा विषय काढला, मध्ययुगीन इंग्लंड. चौदाव्या शतकात तिथं प्लेगनं निदान तिसरा हिस्सा लोक मेले. राबणारे हात कमी पडले, तशी उरलेली कुळं जास्त मजुरी मागू लागली. पार्लमेंट जमीनदारांचं. त्यांनी कायदा केला, मजुरी जुनीच राहील. कुळाला धन्याच्या परवानगीशिवाय गाव सोडता येत नव्हतं, मुलीचं लग्नही लावता येत नव्हतं. त्यात नवे कर बसले आणि हजारो लोक लंडनवर चालून गेले. चौदा वर्षांचा राजा त्यांना सामोरा आला. म्हणाला, आजपासून तुम्ही मोकळे. दुसऱ्या दिवशी बोलणी चालू असतानाच त्यांच्या म्होरक्याला कापून काढलं. मग राजानं शब्द फिरवला.

मी हे नीट, क्रमानं सांगितलं. जवानांनी ऐकून घेतलं. कोणी एकही प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर लंगरपाशी, म्हणजे पोस्टच्या स्वयंपाकघरापाशी, गेलो तर आतून हशा ऐकू आला. नाईक विलास कदम बोलत होता. खटाव तालुक्यातला, दहावी शिकलेला, उंच, आवाज जरा घोगरा. आदल्या दिवशी जे ड्यूटीवर होते त्यांना तो माझा धडा सांगत होता.

"कूळ गेलं धन्याकडं. म्हणालं, मालक, बहिणीच्या गावाला दोन दिवस जाऊन येतो. धनी म्हणाला, रजा नामंजूर!"

ड्यूटी संपवून आलेले तिघे बूटही न काढता उभे होते. झोपायचं सोडून ऐकत होते. म्होरक्या पडला तेव्हा एकाच्याही तोंडून आवाज निघाला नाही.

मी आत शिरलो. "कदम, राजा चौदा वर्षांचा होता. सोळा नाही."

"बरोबर, उस्ताद. चौदा." त्यानं दुरुस्ती केली आणि पुढं चालू ठेवलं. माझ्याकडं कोणी पाहिलंही नाही.

कॅप्टनसाहेबांच्या कानावर गेलं. ते हसत म्हणाले, "कदम, कल से क्लास तू ले. उस्ताद को आराम दे."

सगळे हसले. मीही हसलो. पण ते मला लागलं. माझ्या क्लासला लोक ऑर्डर म्हणून बसत होते, त्याच्याकडं आपण होऊन जात होते. त्या दिवसापासून कदमचं सगळंच मला खुपायला लागलं. त्याचं हसणं खुपे. तो चहा घेऊन आला की बंकरमधली माणसं सरकून त्याला जागा करून द्यायची, तेही खुपे.

जानेवारीत पोस्टवर मॅप रीडिंगची टेस्ट घेतली. पास होतील ते सहा आठवड्यांच्या क्लाससाठी खाली बटालियन हेडक्वार्टरला जाणार होते. पासिंगला चाळीस मार्क. पेपर मी तपासले.

कदमला अडतीस पडले. ग्रिड बेअरिंगवरून मॅग्नेटिक बेअरिंग, म्हणजे नकाशावरच्या कोनावरून होकायंत्राचा कोन, काढायचं एक गणित होतं, चार मार्कांचं. त्याचं उत्तर बरोबर होतं, पण पायऱ्या लिहिल्या नव्हत्या. मी शून्य दिलं. त्याच दिवशी नाईक मानेनं तसंच नुसतं उत्तर लिहिलं होतं. त्याला मी दोन मार्क दिले होते.

"कदम रह गया?" कॅप्टनसाहेबांनी विचारलं.

"यस सर. मेथड नहीं लिखा."

"ठीक है. अगली बार."

कदम संध्याकाळी माझ्याकडं आला. "उस्ताद, परत बसतो की. त्यात काय."

त्याला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

माने आणि आणखी दोघे खाली गेले. त्यानंतर नवव्या दिवशी शेजारच्या पोस्टकडं चौघांचं पेट्रोल निघालं. माने नव्हता म्हणून पुढं कदम. १०४० ला मी रेडिओ सेटजवळ होतो.

"अल्फा, ब्राव्हो. बर्फाची स्लाइड आली. तिघं ठीक. कदम खाली गेला. ओव्हर."

आवाज ओळखू येत नव्हता. कॅप्टनसाहेबांनी माझ्या हातून सेट घेतला. आम्ही अकराजण फावडी घेऊन निघालो. १३२५ ला कदम सापडला, सहा फूट खाली. नर्सिंग असिस्टंटनं पाऊण तास प्रयत्न केले.

हेलिकॉप्टर यायच्या आधी आम्ही सलामी दिली. पोस्टवरची माणसं रडत होती, कॅप्टनसाहेबसुद्धा. आता लिहितो ते मी कोणाला सांगितलेलं नाही. त्या क्षणीही माझ्या मनात आलं, मी मेलो तर इतके रडणार नाहीत.

रिटायर झाल्यावर मी बी.एड. केलं आणि कुवेतला आलो. सालमियातल्या एका शाळेत इतिहास शिकवतो. अभ्यासक्रम इंग्लंडचा, त्यामुळे तेच प्लेग आणि तेच बंड दरवर्षी येतं. आमच्या जुन्या सैनिकांच्या ग्रुपवर कळलं की कदमचा धाकटा भाऊ संतोष इथंच हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे आणि जलीबला राहतो. टॅक्सीनं फार लांब नाही. मी दोन वर्षं गेलो नाही.

या वर्षी एका शुक्रवारी सकाळी गेलो. एका खोलीत चार कॉट. संतोषनं चहा केला. मी नाव सांगितल्यावर तो उठून उभाच राहिला.

"तुम्ही ते उस्ताद! दादा रजेवर आला की तुमचीच गोष्ट. इंग्लंडच्या कुळांची. आमच्या आख्ख्या आळीला पाठ आहे. इथं यांनाही सांगितलीय."

पलीकडच्या कॉटवरचा उस्मानाबादकडचा ड्रायव्हर म्हणाला, "परवानगीबिगर गाव सोडता येत नाही म्हंजे आपला व्हिसावाला मालक, कफीलच की तो!"

खोली हसली. संतोषनं दोन वाक्यं भावाच्या ढंगात म्हणून दाखवली. अकरा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसावर मी अजून जळत होतो. तेव्हा मला कळलं, आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही.

संतोषला घेऊन मी गच्चीवर गेलो. टेस्टचं सांगितलं, मानेचं सांगितलं. कारणही सांगितलं.

त्यानं गच्चीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाला, "मेथड म्हणजे काय ते दाखवा."

खिशातल्या बिलामागं मी गणित मांडलं. तीन ओळी. त्यानं कागद उलटसुलट पाहिला.

"हे त्याला येत होतं?"

"येत होतं. मीच शिकवलं होतं. मला माहीत होतं."

"आईला सांगू नका," तो म्हणाला. "तिला वाटतं, दादाला एक चांगला मास्तर मिळाला होता."

तो मला खाली सोडायला आला नाही. त्यानंतर मी तीनदा फोन केला. त्यानं उचलला नाही. तो त्याचा हक्क आहे.

नाईक विलास कदम, वय एकोणतीस. त्याच्या रेकॉर्डमध्ये माझ्या सहीनं लिहिलं आहे, मॅप रीडिंग, अनुत्तीर्ण. ते खोटं आहे. कदमला नकाशा वाचता येत होता.