पार्ल्याच्या आंब्याखालची माती निघाली मुलुंडला

लोक सुट्टीत लडाखला जातात. मी आणि माझी लेक सई जूनमध्ये पार्ल्याहून मुलुंडला गेलो, सॅकमध्ये माती घेऊन. माती आमच्या सोसायटीतल्या जुन्या आंब्याखालची, बारीक मुळांसकट उकरलेली. मुलुंडला माझी मोठी बहीण राहते. मालवणच्या घरामागचा आमचा रायवळ आंबा वादळात पडला, त्याच्या कोयींची चार रोपं ताईने गॅलरीत लावली होती. तीन वाळली. चौथं गेलं की ते झाडच संपलं.

जायचं असेल तर अंधेरीहून मेट्रोने घाटकोपर गाठा, खाऊगल्लीत डोसा खा आणि मुलुंडची बस पकडा. दोघांचं सगळं भाडं एका रिक्षेपेक्षा कमी. मेट्रोत फक्त तपासणीला अडकलो.

"यात काय?"

"माती," सई म्हणाली.

"आणि?"

"बुरशी."

तपासणाऱ्या जवानाने माझ्याकडे पाहिलं. "एमएस्सी करते," मी कॉलर ताठ करून सांगितलं.

ताईकडे करपट वास येत होता. गावी पेरणीआधी जमीन भाजतात, तेच तिने इथे गॅसवर चालवलं होतं. लोखंडी कढईत कुंडीची माती खरपूस भाजत होती.

"आत्या, यात बुरशीपण मरते गं."

"मरांदे. मेली तर बराच."

"अगं, ही मुळांत घर करते. लांबचं पाणी, फॉस्फरस झाडाला आणून देते, झाड तिला साखर देतं. दोघांचं भागतं."

सॅकमधल्या मातीत मला एक पांढरा धागा दिसला. "हीच ना?"

"नाही, बाबा. ही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही."

"दिसत नाय तिच्यावर माझा शेवटचा झाड सोडू?" ताई म्हणाली.

"वाळलं तर मला ओरड."

ताईने गॅस बंद केला आणि कुंडी सईपुढे सरकवली.

दिवाळीत पुन्हा गेलो. रोपाला तांबूस पालवी फुटली होती. कढई गॅलरीत, चिमण्यांसाठी पाण्याने भरलेली. ताईची शेजारीण विचारत होती, काय घातलंत हो?

"बुरशी," ताई म्हणाली. "माझ्या भाचीची."

सई लाजली. माझी छाती फुगली, आणि ती मी लपवली नाही.

आता घरी हे लिहितोय, तर नखांत पुन्हा माती आहे, कारण ताईच्या शेजारणीलाही हवीय. या खेपेला सॅक माझ्या पाठीवर असेल. मेट्रोत विचारलं तर बुरशी आहे हे मीच सांगणार, आणि कोणाची तेही.