तक्ता पाचमधली स्टुलं

माझी सून शिड्या बनवत नाही, विकत नाही, आणि स्वतः शिडीवर चढायची वेळ आली तर दुसऱ्याच पायरीवर तिचे पाय लटपटतात. तरी शिडी कशी असली पाहिजे हे तीच लिहिते. पायऱ्यांत अंतर किती, खालचे रबरी बूट केवढे, पायरीवर किती वजन टाकून बघायचं. असल्या नियमांच्या पुस्तकाला मानक म्हणतात. कारखानदार ते बघून शिड्या करतात, तपासणीस ते बघून पास-नापास ठरवतात. तिला ही नोकरी लागली तेव्हा मी शेजारणीला सांगितलं होतं, सून कचेरीत लिखापढी करते. त्यापुढचं समजायला मला सात-आठ वर्षं लागली.

तिच्या कामात शब्दाला फार वजन. ‘केलंच पाहिजे’ म्हणजे हुकूम, ‘करावं’ म्हणजे सल्ला, ‘चालेल’ म्हणजे तुमची मर्जी. ही खोड घरातही शिरली. फ्रिजवर चिठ्ठी असते: ‘दूध तापवलेच पाहिजे. झाकण ठेवावे. साय खाल्लेली चालेल.’ एकदा तिने लिहिलं, ‘अभ्यास झाल्याशिवाय टीव्ही लावू नये.’ माझी नात अख्खी संध्याकाळ टीव्हीपुढे. आई आल्यावर शांतपणे म्हणते, ‘नये’ हा सल्ला होता, मी तो विचारात घेतला. पेरलं तेच उगवलं, दुसरं काय.

आठ वर्षं ती त्या कचेरीत हंगामी होती. दर वर्षी नवा कागद यायचा, दर वर्षी तो येईपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. यंदा मात्र तिच्या वरच्या बाईंनी सांगितलं होतं, शिडीचं मानक छापून आलं की एक तारखेला तुझ्या कायम नेमणुकीवर सही करते. आम्ही सगळे त्या शिडीकडे डोळे लावून बसलो होतो.

आता त्या मानकाची फाईल कशी असायची ते सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. समितीत चौदा जण. कोणी कारखानदार, कोणी तपासणीस, कोणी निवृत्त इंजिनियर. सून चौदा जणांना फाईल पाठवायची आणि चौदा जण आपापल्या रंगात दुरुस्त्या करून परत पाठवायचे. मग ही सगळं हाताने एकत्र करायची. फाईलींची नावं तरी काय, ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’, ‘खरंच अंतिम’, ‘खरंच अंतिम, यात हात लावू नये’. ती फाईल म्हणजे नटवलेली नवरी. ठळक अक्षरं, रेघा, चौकटी सगळं मजकुरातच गुंतलेलं. एका यंत्रावर नीट दिसायची, दुसऱ्यावर तिचा पदर सुटायचा. आणि कोणी कधी काय बदललं याचा माग एकदा पुसला गेला की पुसला गेला.

सुनेचं दोन वर्षांपासून म्हणणं होतं की ही फाईल बदला, साधी घ्या. साध्या फाईलीत नुसती अक्षरं, नटणं-मुरडणं शेवटी छापताना. कोणी एक शब्द हलवला तरी जुनी ओळ, नवी ओळ, बदलणाऱ्याचं नाव आणि वेळ, चारही राहतात. तक्त्यांना आपण आकडा द्यायचाच नाही, नाव द्यायचं. आकडा यंत्र शेवटी घालतं. मला तिने समजावलं, आई, तुम्ही शेजारणीला नावाने हाक मारता ना, रांगेतली तिसरी म्हणून नाही. मधली एक निघून गेली तर तिसरी भलतीच कोणी व्हायची.

समितीतले दशांशकाका याच्या ठाम विरुद्ध. हे निवृत्त इंजिनियर. दशांश चिन्हानंतर एखादं शून्य राहिलं तर दोन पानी पत्र लिहायचे, म्हणून कचेरीने ठेवलेलं हे नाव. त्यांच्या घरचं यंत्र पंचवीस वर्षं जुनं, आणि त्या यंत्रात जे उघडत नाही ते काकांच्या मते जगात नाही. तरी सुनेने बाईंच्या मागे लागून तो विषय शुक्रवारच्या बैठकीत घ्यायला लावला होता. बैठक अकराला, आणि त्याच दिवशी बाराला शिडीचं मानक छपाईला जायचं होतं.

बुधवारी दुपारी ती घरीच काम करत होती. कचेरीत भिंतींना रंग चालला होता, त्यामुळे आठवडाभर सगळे घरून. छपाईआधी एक शेवटचं वाचन असतं, त्याला दोन माणसं लागतात. एकाने कागदावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बघत जायचं. तिचा जोडीदार तापाने आडवा. मी मटार सोलत बसले होते. म्हणाली, आई, वाचाल का?

मी शाळेत तिसरीपर्यंत गेले. अक्षराला अक्षर लावून वाचते. ती म्हणाली, तसंच हवंय, शहाणी माणसं पुढचं ओळखून वाचतात.

तासभर वाचलं. मग आलं, ‘उंच शिडीच्या प्रत्येक पायरीची तपासणी तक्ता ५ मधील वजनाने केलीच पाहिजे.’ आता पुस्तकात तक्ता पाच म्हटलंय, केलीच पाहिजे म्हटलंय. हुकूम म्हणजे हुकूम. मी पानं उलटून तक्ता पाच काढला.

“अगं, इथे तर स्टुलं आहेत,” मी म्हटलं.

तिने मान वर केली नाही. म्हणाली, आई, मागचं पान असेल. मी म्हटलं, मागच्या पानावर चार आहे. चारात उंच शिड्या, दोनशे साठ किलो. पाचात घरातली पायरीची स्टुलं, दीडशे किलो.

तिच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. उठून माझ्या मागे आली, खांद्यावरून बघितलं. मग खुर्चीत जाऊन बसली ती भिंतीकडे बघत. मला वाटलं, चक्कर आली.

हळूहळू तिच्या तोंडून बाहेर पडलं ते असं. आधी लाकडी शिड्यांचा एक तक्ता होता, तो समितीने काढून टाकला. पुढचे सगळे एकेक आकड्याने मागे सरकले, पाचाचा चार झाला. मजकुरातले आकडेही आपोआप बदलायला हवे होते, कारण ते तक्त्याशी जोडलेले जिवंत आकडे होते. पण त्या सुमाराला दशांशकाकांनी त्यांची प्रत जुन्या यंत्रात उघडून परत पाठवली होती, आणि त्या यंत्राने जिवंत आकडे मारून नुसते टाईप केलेले करून टाकले. काकांच्या दुरुस्त्या सगळ्यांत जास्त असतात. म्हणून सुनेने त्यांचीच प्रत पायाला घेतली आणि बाकी तेरा जणांच्या दुरुस्त्या तिच्यावर चढवल्या. त्यानंतर चौदा जणांनी वाचून मतं दिली. चौदाच्या चौदा हो.

आणि इथे त्यांचा एक नियम आहे. एकदा मतं पडली की मजकुरात कानामात्रासुद्धा हलवायचा नाही. हलवायचा तर पुन्हा सगळ्यांपुढे जायचं, पुन्हा मतं, म्हणजे दोन-तीन महिने.

मुलगा तेवढ्यात जेवायला आला. तो वायरमन आहे, दिवसातले सहा तास शिडीवर. त्याने सगळं उभ्याउभ्या ऐकलं आणि हात धुताधुता म्हणाला, “एक आकडा तर आहे. पाच खोड, चार घाल, दे पाठवून. कोणाला कळणार?”

“कोणालाच नाही,” ती म्हणाली. “तेच तर.”

जेवताना तो फक्त एवढं बोलला की चुकीचं छापू नकोस म्हणजे झालं, मी त्याच पायऱ्यांवर उभा असतो. ती म्हणाली, चुकीचं छापायचा प्रश्नच नाही. प्रश्न गुपचूप बरोबर करायचं की सांगून, एवढाच.

खोटं कशाला बोलू, मीही मनात म्हणत होते, बदल बाई. शिडी बरोबर होईल, तुझी नेमणूक होईल, कोणाचं काही वाईट नाही. ती पडद्यापुढे बसली. तो पाच मला लांबूनही दिसत होता. तिचं बोट चारच्या बटणावर टेकलं, उचललं, पुन्हा टेकलं. मी मटाराच्या रिकाम्या शेंगा पुन्हा सोलायला घेतल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

मग तिने फोन घेतला आणि बाईंना लावला. तिकडचं मला ऐकू आलं नाही. इकडून, “हो मॅडम. मतदानानंतर. हो, एकत्र मीच केलं होतं.” फोन ठेवून म्हणाली, मॅडम म्हणाल्या, शुक्रवारी समितीला तू स्वतः सांग. नेमणुकीचं काही बोलल्या का, हे मी विचारलं नाही. तिच्या तोंडावर होतं.

गुरुवारी घर कसं होतं ते सांगत नाही. नातीने न सांगता अभ्यास केला, यावरून ओळखा.

शुक्रवारी अकराला बैठक घरच्या पडद्यावरच झाली. चौदा चौकटी, चौदा तोंडं, शिवाय बाई. दशांशकाकांचं नुसतं कपाळ दिसत होतं. मी बाजूच्या खुर्चीवर, कोणाला दिसणार नाही अशी बसले. तिने सांगितलं होतं, आई, खोकू नका.

तिने आढेवेढे न घेता सगळं सांगितलं. तक्ता, आकडा, स्टुलं. एक कारखानदार भडकले. त्यांनी नव्या मानकाप्रमाणे लेबलं छापून ठेवली होती, आणि असल्या चुका करणारी माणसं कचेरी ठेवतेच कशाला, असं ते तोंडावर म्हणाले. सुनेचे कान लाल झाले, पण ती खाली बघत नव्हती. काकांचं कपाळ हललं. माझ्या यंत्राने पंचवीस वर्षांत एक चूक केलेली नाही, ते म्हणाले, पुरावा दाखवा. ती म्हणाली, पुरावा नाही काका, या फाईलीत तो राहतच नाही. तुमची प्रत पायाला मी घेतली, तपासली नाही, चूक माझी.

बाईंनी तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. विचारलं, तो आकडा तू बुधवारीच बदलू शकली असतीस का? ती म्हणाली, हो. आम्हाला कळलं असतं? नाही. चौदा जणांनी वाचलं होतं ना, बाई म्हणाल्या, मग सापडलं कोणाला? सून म्हणाली, माझ्या सासूबाईंना, त्यांनी तक्ता काढून बघितला. मला खोकल्याची उबळ आली, ती पदरात दाबली.

मग काका पुढे वाकले आणि त्यांचा सगळा चेहरा पडद्यावर आला.

“तुझ्या त्या साध्या फाईलीत हे कळलं असतं?”

“हो काका. माझ्या नावासकट.”

“आणि माझ्या?”

“तुमच्याही.”

काकांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “म्हणजे माझा विरोध काही उगाच नव्हता.”

हसलं कोणीच नाही. आधी त्या कारखानदारांना खोकला आला, मग एकाला, मग दुसऱ्याला, आणि शेवटी सगळे हसले. सून तेवढी हसली नाही. ती वाट बघत होती.

निकाल लागला तो असा. शिडीचं मानक छपाईतून मागे घेतलं, पुन्हा मतं घ्यायची ठरली. साधी फाईल सगळ्यांना एकदम नको, आधी लहान मानकावर करून बघा. कोणतं लहान, तर पायरीच्या स्टुलांचं. आणि एक तारखेला बाईंनी नेमणुकीवर सही केली नाही. आणखी सहा महिने हंगामी, पुढे बघू. कागद आला त्या दिवशी मुलाने शिडी बाल्कनीत जरा जोरातच आपटली. ती त्याला म्हणाली, रबरी बूट फाटतील.

ते सहा महिने काका रोज सकाळी नऊला फोन करायचे. फाईल उघडली, पण यात रंग का नाहीत? ठळक कुठे गेलं? तिसऱ्या महिन्यात फोन आला की मागच्या पत्रात ज्या शून्याबद्दल तक्रार केली ते आपणच काढलं होतं आणि फाईलीत ते नावासकट लिहिलेलं आहे, ते काढता येईल का. ती म्हणाली, नाही काका. ते म्हणाले, छान, मग ठेवा. मला तिने तो माग पडद्यावर उघडून दाखवला. सगळ्यांत वर, पहिली ओळ तिची स्वतःची होती: शिडीच्या मानकात चुकलेला आकडा, कोणी चुकवला, कोणाला सापडला. माझं नाव नव्हतं, ‘सासूबाई’ असं होतं. चालेल.

शिडीचं मानक छापून आलं. स्टुलांचं परवा मतांना गेलं. आणि मागच्या सोमवारी कायम नेमणुकीचं पत्र आलं, बाईंच्या सहीचं, जुन्या फाईलीतलं, ठळक अक्षरांचं. मुलाने पेन काढून तिच्या हातात दिलं, इथे सही कर म्हणून. तिने पेन बाजूला ठेवलं, पत्र मला दिलं आणि पडद्यावर त्याचीच फाईल उघडून बसली. “वाचा, आई.”

मी अक्षराला अक्षर लावत वाचलं. दुसऱ्या पानावर होतं, ‘सेवेच्या अटी तक्ता ३ प्रमाणे राहतील.’ मी पानं उलटली. पुन्हा उलटली.

“अगं,” मी म्हटलं, “यात दोनच तक्ते आहेत.”

मुलाने कपाळावर हात मारून घेतला. तिने मात्र पत्र पाकिटात घातलं, वर चिठ्ठी लावली आणि परत पाठवून दिलं. चिठ्ठीवर ‘दुरुस्त करावे’ नव्हतं. ‘दुरुस्त केलेच पाहिजे’ होतं.