वाटाड्यांचं एकच घर

डोळ्यांच्या दवाखान्यात "वाटाडे" अशी हाक आली आणि सगळ्यांच्या माना वर झाल्या. एक आजी उठल्या. शेजारच्या बाईंनी विचारलंच, "कुठलं हो हे आडनाव?"

"आमची माणसं घाटात वाटसरूंना वाट दाखवायची. आता गावात आमचं एकच घर उरलंय."

घाटात डांबरी रस्ता झाला की वाटाड्याचं काम संपतं आणि मागे नुसतं आडनाव राहतं, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

आजी तपासून बाहेर आल्या. डोळ्यांत औषध घातलेलं, सुनेचा हात घट्ट धरलेला. दारात कुणाची तरी चाहूल लागताच त्या थांबल्या आणि आत येणाऱ्याला म्हणाल्या,

"उंबरा उंच आहे. पाय उचलून टाका."