मुकादम सोडंल तवा

“ये औरत आपके साथ है?”

खिडकीतल्या अधिकाऱ्याने मला विचारलं. मी पलीकडे पोचले होते. माझ्या पासपोर्टावर शिक्का पडला होता. माय अलीकडेच होती. नवं लुगडं, नव्या चपला, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली माझी जुनी पर्स. आम्हा दोघींच्या मधे जमिनीवर एक पिवळी पट्टी होती.

मायच्या मागे आमच्या सहलीतली माणसं उभी होती. त्यांतल्या एक बाई सकाळपासून मला म्हणत होत्या, किती गुणाची गं तू, आईला परदेश दाखवतेस. त्याच बाई आता शेजारणीला हळूच म्हणाल्या, “मला वाटलंच होतं. कामाला नेत असतील कुणाकडे.” हळूच म्हणजे मला ऐकू जाईल इतकं हळू.

“मॅडम, आपके साथ है क्या?”

मी लगेच हो म्हणाले नाही.

एक श्वास घेण्याइतकाच वेळ गेला असेल. पण मायने तो बघितला.

धारूरच्या घाटाजवळ आमचं गाव. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाप गेला आणि माय अर्धा कोयता झाली. मुकादमाच्या तोंडी तिचं नावच ते होतं. दिवाळी झाली की मुकादम गाडी आणायचा, डोकी मोजायचा, गाडी भरायचा. परत कधी यायचं ते कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की तो सांगायचा. मधे कुणी आपल्या मनाने घरी येत नसे. कुणाच्या मयतीलासुद्धा मुकादमाला विचारून यावं लागे.

मी शिकले ती हंगामी वसतिगृहात राहून. आमच्या गुरुजींनी मला तिथे ठेवून घेतलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्या वर्षी गाडी भरताना मुकादम मायला म्हणाला होता, “पोरगी शाळा शाळा करती, येडी हाय का?” माय म्हणाली, “व्हय, येडीच हाय. फडात काय कामाची न्हाई. ऱ्हाऊ द्या हितंच.” मी दप्तर धरून तिथेच उभी होते. माय मला चारचौघांत वेडी म्हणाली म्हणून मी दोन दिवस तिच्यावर रुसले होते. तिने माझी सुटका केली होती हे मला फार उशिरा कळलं.

आता मी केजच्या एका महाविद्यालयात ग्रंथालयात काम करते. मला नोकरी लागली आणि मायचा कोयता बंद झाला. दिवाळीनंतर सगळी गल्ली गाड्यांत बसून जाते आणि माय ओट्यावर एकटी राहते, हे मला बघवेना. म्हणून ठरवलं, यंदा मायलाही न्यायचं. पण विमानाने. फडात असताना डोक्यावरून विमान गेलं की मी तिला विचारायची, ते कुठं जातं? ती म्हणायची, “जिकडं मुकादम नसतो तिकडं.”

मलेशियाला थोड्या दिवसांसाठी फिरायला जायचं तर आपल्याला व्हिसा लागत नाही, असं मी वाचलं होतं. अटी थोड्याच होत्या. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. परतीचं तिकीट, राहण्याची सोय, खर्चापुरते पैसे. निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी. मी सगळं नीट वाचलं, पुन्हा वाचलं. अभ्यासाची सवय. एका गोष्टीची तेवढी धाकधूक होती. मायच्या पासपोर्टावर दहावी न झालेल्यांचा शिक्का होता. अशी माणसं मजुरीला म्हणून बाहेर नेली जातात आणि फसतात, म्हणून काही देशांना निघताना त्यांची तपासणी होते. मलेशिया त्यांतलाच. फिरायला जाणाऱ्याला तो शिक्का आड येत नाही, परतीचं तिकीट दाखवलं की पुरे, असं सहलवाल्याने मला सांगितलं होतं.

तरी मी मायची तयारी करून घेतली.

“काय काम करता विचारलं तर काय सांगायचं?”

“ऊस तोडत व्हते.”

“न्हाई माय. गृहिणी म्हणायचं.”

“म्हंजी काय?”

“घरी असते ती.”

“मी कवा घरी व्हते गं?”

मी हसले. तीही हसली. पण मी तिच्याकडून तो शब्द घोकून घेतला. ऊस हा शब्द काढायचा नाही, असं बजावलं. मी कोण होते तिला बजावणारी?

विमानतळाकडे जाताना बसमध्ये सहलीचा म्होरक्या उभा राहिला. तरुण पोरगा, हातात छोटा झेंडा. त्याने सगळ्यांची डोकी मोजली. पासपोर्ट गोळा करून रांग लागेपर्यंत आपल्या पिशवीत ठेवले. मी सांगेन तिथेच थांबायचं, मी सांगेन तेव्हाच उठायचं, म्हणाला. माय माझ्या कानाशी आली.

“ह्यो आपला मुकादम का?”

“हां, तसंच समज,” मी म्हणाले.

मला गंमत वाटली होती. तिला वाटली नव्हती. तिने ते समजून घेतलं होतं.

खिडकीत माझ्यामागे मायचा नंबर आला. कुठे जाणार, या प्रश्नाला तिने बरोबर उत्तर दिलं. मग त्याने विचारलं, “काम क्या करती हो?” मायला शब्द आठवेना. तिने माझ्याकडे बघितलं. “घर में... घर में रहती,” ती म्हणाली. त्याने पासपोर्टावरचा शिक्का बघितला, मग पर्स धरलेले तिचे हात बघितले. ते घरात बसलेल्या बाईचे हात नव्हते.

“किसके साथ जा रही हो?”

“मुकादम के साथ.”

“वापस कब आओगी?”

“मुकादम छोडेगा तब.”

तो खुर्चीत सरळ बसला. मग त्याने मला तो प्रश्न विचारला, आणि मी तो एक श्वास घेतला.

“हो,” मी म्हणाले. “माझी आई आहे.”

त्या अधिकाऱ्याला संशय आला याचा मला राग नाही. त्याच्या जागी मी असते तर मलाही आला असता. राग आहे तो पुढच्या वाक्याचा. मायचा पासपोर्ट त्याने टोकाला धरून उचलला आणि शेजारच्याला म्हणाला, “अनपढ लोगों को उठाकर ले आते हैं, फिर हमारे सिर पर.” आम्हा दोघींना बाजूच्या टेबलाकडे धाडलं.

म्होरक्यालाही बोलावलं. सहलीतले पुरुष हसत होते. “अरे मुकादम, जा, तुझी टोळी अडकली!” पोरगा कानापर्यंत लाल झाला. माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, “ताई, सांगा ना, डोक्यात जरा फरक आहे म्हणून. काही कळत नाही त्यांना, काहीही बोलतात. मीही तसं सांगतो. लगेच सोडतील. नाहीतर तुम्ही तरी चला. मावशींना आपण गाडीत बसवून देऊ.”

मायने ते ऐकलं.

“सांग बाई,” ती म्हणाली. “येडी हाय म्हन. मला काय व्हतंय?”

मी तिच्याकडे बघितलं. ती मनापासून म्हणत होती. तिच्या लेखी ती युक्ती होती. एकदा तिने ती माझ्यासाठी वापरली होती आणि ती लागू पडली होती. माणसाला वेडं ठरवलं की मुकादम सोडतो, एवढंच तिला आयुष्याने शिकवलं होतं. आणि आता मी तिला वेडी म्हणायचं, म्हणजे मला समुद्र बघायला जाता येईल.

टेबलामागचे साहेब मराठी होते. मी त्यांच्यापुढे उभी राहिले. शूर वगैरे दिसत नव्हते. आवाज चिरकत होता, नाक वाहत होतं.

“साहेब, माझ्या आईचं डोकं ठीक आहे. तिने आयुष्यभर ऊस तोडला. तिला न्यायचं नि परत आणायचं काम मुकादमच करायचा, म्हणून ती तसं बोलली. गृहिणी म्हण, हे मी तिला शिकवलं. ती चूक माझी. हे परतीचं तिकीट. हे हॉटेल. ही नोंदणी. यातलं काय कमी आहे ते सांगा. ऊस तोडणाऱ्या बाईने फिरायला जाऊ नये असा नियम असेल तर तोही दाखवा.”

साहेबांनी मान वर केली नाही.

“बसा. चौकशी होईल.”

चौकशी झाली. मायला वेगळं नेऊन विचारलं. कुणी दागिने घेतलेत का, कुणी कामाचं आमिष दाखवलंय का. ही तुमचीच मुलगी कशावरून? माय म्हणाली, “मीच इयाली हाय तिला. फडात. पाचटावर.” शेवटी साहेब म्हणाले, “काही अडचण नाही. जाऊ शकता.” तोवर विमानाचं दार बंद झालं होतं. म्होरक्याने झेंडा वर धरला होता, डोकी मोजली होती, दोन कमी भरली होती, आणि तो निघून गेला होता.

माझ्या पासपोर्टावरच्या शिक्क्यावर ‘रद्द’ असं मारलं. मायच्या पासपोर्टावर रद्द करायला काही नव्हतंच.

केजच्या एसटीत माय खिडकीशी बसली होती. माझ्याकडे वळून म्हणाली, “मी चुकले का गं?”

“न्हाई माय.”

“मग कावून धाडलं माघारी?”

पदवीधर मी. मी नुसती तिच्या बाजूची खिडकीची काच ओढून घेतली.

गल्लीत कुणी नव्हतं. सगळे उसाला गेले होते. तेवढीच माझी लाज वाचली, असं मला वाटलं, आणि असं वाटल्याची पुन्हा लाज वाटली. शेजारचा म्हातारा शेरडं घेऊन येत होता. मायला बघून म्हणाला, “काय गं, लवकर आलीस? पट्टा पडला व्हय?”

“न्हाई,” माय म्हणाली. “मुकादमानंच टाकून दिलं.”

तिने पर्स खुंटीला लावली आणि चुलीकडे गेली.

पुढच्या आठवड्यात सहलवाल्याचा फोन आला. भला माणूस. वाईट वाटलं म्हणाला. मग म्हणाला, “ताई, एक सुचवू? मावशींना पन्नास पूर्ण होऊ द्या. त्यानंतर तो शिक्का लागत नाही. कुणी काही विचारणार नाही. चारच वर्षं तर आहेत.”

मी फोन ठेवला. पन्नास झाल्यावर माय शिकलेली होणार नाही. नुसती म्हातारी होईल.

आम्ही थांबणार नाही. पट्टा पडू दे, गल्ली भरू दे, सगळ्यांच्या देखत आम्ही निघू. पासपोर्ट तोच, शिक्का तोच. बरोबर झेंडा नाही, म्होरक्या नाही. मी मायला काहीही शिकवणार नाही. काम काय विचारलं तर ती सांगेल, ऊस तोडला. परत कधी विचारलं तर सांगेल, मला वाटंल तवा, तिकिटावरच्या तारखेला.

आणि खिडकीत आधी माय जाईल. ती पिवळी पट्टी ओलांडून पलीकडे उभी राहिल्याशिवाय मी माझा पासपोर्ट पुढे सरकवणार नाही. मग तिला विचारू देत त्यांना, ही पोरगी तुमच्याबरोबर आहे का.