शेततळ्यातली विरळणी

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. विषय घेतला प्राणिशास्त्र, त्यावर वडील, म्हणजे आमचे दादा, हसायचे. मागच्या वर्षी त्यांनी शेततळ्यात रोहूची पिल्लं सोडली, तीही विकणाऱ्यानं सांगितल्यापेक्षा दुप्पट. रोज पोटभर खाद्य देऊनही चार महिन्यांनी मासे बोटाएवढेच!

"माशाचं बी बोगस हाय. तळंच रिकामं करतो," वडील म्हणाले.

मी आडवीच आले. "दादा, बी चांगलं आहे. गर्दी झाली की माशाच्या अंगात ताणाचं संप्रेरक वाढतं. मग वाढीच्या संप्रेरकाचं काही चालत नाही."

"माशाला कसला ताण? त्याला काय पोरीचं लगीन करायचंय?"

"बाजरी दाट उगवली तर तुम्ही काय करता?"

त्यांनी तळ्याकडे पाहिलं. "विरळणी. जादाची रोपं उपटतो."

दुसऱ्याच दिवशी आम्ही निम्मे मासे चुलत्यांच्या मोकळ्या तळ्यात नेऊन सोडले. तीन महिन्यांनी आम्ही जाळं ओढलं. पहिलाच रोहू वडिलांच्या मुठीत मावेना! शेपटीच्या फटक्यानं त्यांचं तोंड भिजलं, तरी ते बांधावरच्या चुलत्यांना ओरडून सांगत होते, "आरं, बघ! पोरीनं माशांची विरळणी केली!"